जुना स्पार्क सर्व्हर वीज आल्यावर आपोआप कसा उठेल

मध्यरात्री वीज गेली आणि पाऊण तासाने आली. बाकी सगळी मशीनं उठली. सन फायर व्ही२४० हा जुना स्पार्क सर्व्हर तेवढा उठला नाही. पंखे चालू, हिरवा दिवा चालू, पण नेटवर्कवर पत्ता नाही. सकाळी सिरियल केबल लावून एंटर दाबलं, तर स्क्रीनवर दोनच अक्षरं: ओके. मशीन धडधाकट होतं. रात्रभर ते फक्त कोणीतरी 'बूट' टाइप करण्याची वाट बघत बसलं होतं.

ते तसं कोणी ठेवलं? मीच. काही महिन्यांपूर्वी एक डिस्क बदलताना.

ही चूक इतकी सहज होते की आधी ती कशी होते तेच सांगतो. डिस्क दिसते का हे बघायला ओके प्रॉम्प्टवर 'प्रोब-स्कझी-ऑल' द्यावं लागतं. पण चालू सिस्टीम थांबवून लगेच ते दिलं, की ओपनबूट (ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालणारं मशीनमधलं सॉफ्टवेअर, ओके प्रॉम्प्ट त्याचाच) बजावतं: मशीन अडकू शकतं, आधी 'रिसेट-ऑल' करा. रिसेट केलं की मशीन थेट बूट व्हायला धावतं आणि प्रॉम्प्ट हातचा जातो. म्हणून आपण आधी ऑटो-बूट बंद करतो, रिसेट करतो, डिस्क तपासतो, मग हाताने 'बूट' देतो. सिस्टीम वर आली, लॉगिन झालं, चहाला गेलो. ऑटो-बूट बंदच राहिलं. पुढची वीज जाईपर्यंत ते कोणाला कळतही नाही.

पुढे सगळं सनच्या स्पार्क प्रोसेसरवरच्या मशीनबद्दल आणि त्यांच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये, लहान लिपीत करायच्या.

मूळ सेटिंग एका ओळीचं आहे. ओके प्रॉम्प्टवर:

सेटएनव्ही ऑटो-बूट? ट्रू

ते प्रश्नचिन्ह नावाचाच भाग आहे, गाळू नका. ओपनबूट फोर्थ भाषेत लिहिलेलं आहे आणि ज्या शब्दाचं उत्तर हो किंवा नाही असतं त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावायची फोर्थवाल्यांची रीत आहे. (हेच ओपनबूट पुढे १९९४ साली आयईईई १२७५ या नावाने प्रमाण झालं.) प्रश्नचिन्ह गाळलं तर ओपनबूट ते नाव ओळखत नाही.

मशीन चालू असेल आणि थांबवायचं नसेल, तर सोलारिसमधूनच रूट (सर्वाधिकारी यूजर) म्हणून 'ईईप्रॉम' कमांडने हेच करता येतं. तिथे मात्र पूर्ण शब्द अवतरणात घाला: ईईप्रॉम 'ऑटो-बूट?=ट्रू'. शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, त्याच्या लेखी प्रश्नचिन्ह म्हणजे 'कोणतंही एक अक्षर'. सी-शेल तर तशी फाइल सापडली नाही म्हणून तिथेच हात वर करतो. नुसतं 'ईईप्रॉम' दिलं की सगळी सेटिंग छापली जातात. ओके प्रॉम्प्टवर त्यासाठी 'प्रिंटएनव्ही'. ती यादी आत्ताच एकदा काढून ठेवा, पुढे लागणार आहे.

बरेच लोक इथे थांबतात. मीही थांबलो होतो. पण ऑटो-बूट चालू असणं म्हणजे मशीनने बूट करायचा प्रयत्न करणं एवढंच. वीज येण्यापासून लॉगिन येईपर्यंत जुनं मशीन निदान सात-आठ ठिकाणी थांबून माणसाची वाट बघू शकतं. ती ठिकाणं ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने घेऊ.

पहिला प्रश्न, वीज आल्यावर मशीन मुळात चालू होतं का? व्ही२१० आणि व्ही२४० मध्ये अलॉम नावाचा वेगळा छोटा कंट्रोलर असतो. प्लगमध्ये वीज आली की तो जागा होतो, मुख्य मशीन झोपलेलंच असतं. सिरियल मॅनेजमेंट पोर्टवर केबल लावून हॅश आणि टिंब ही दोन चिन्हं दाबली की त्याचा 'एससी' प्रॉम्प्ट येतो. तिथे:

सेटएससी एससी_पॉवरस्टेटमेमरी ट्रू

म्हणजे वीज जाताना मशीन ज्या अवस्थेत होतं त्या अवस्थेत परत आण. 'कन्सोल' टाइप केलं की परत मुख्य मशीनच्या कन्सोलवर.

यात एक मेख आहे. यूपीएसची बॅटरी संपत आली की सर्व्हर नीट बंद करणारी स्क्रिप्ट बऱ्याच ठिकाणी असते आणि तिच्यात बहुतेक वेळा 'इनिट ५' असतं. इनिट ५ मशीनची वीजच बंद करतं. मग अलॉमच्या आठवणीत शेवटची अवस्था 'बंद' अशी राहते आणि वीज आल्यावर तो इमानदारीने मशीन बंदच ठेवतो. त्या जागी 'इनिट ०' घाला. त्याने सोलारिस नीट बंद होऊन मशीन ओके प्रॉम्प्टवर थांबतं, पण चालू राहतं. बॅटरी संपून वीज तुटली की आठवणीत 'चालू' असं राहतं. मात्र बॅटरी संपायच्या आत वीज परत आली तर मशीन ओके प्रॉम्प्टवरच बसून राहील, कारण त्याची वीज तुटलेलीच नाही. म्हणून स्क्रिप्ट चालल्यावर यूपीएसने शेवटी आउटपुट खरंच तोडलं पाहिजे. तशी सोय यूपीएसमध्ये आहे का बघा.

ज्या मशीनला असा कंट्रोलर नाही ते वीज आल्यावर काय करतं, हे प्लग काढून परत घातल्याशिवाय कळत नाही. पुस्तकात शोधत बसू नका.

मशीन चालू झालं की स्वतःची तपासणी करतं, म्हणजे पोस्ट. इथे 'डायग-स्विच?' हे सेटिंग बघा. ते ट्रू असेल तर तपासणी लांबते, मेमरी जास्त असेल तर फारच. पण अल्ट्रा आणि एंटरप्राइझच्या पिढीतल्या मशीनवर त्याचा दुसरा परिणाम जास्त वाईट आहे: डायग चालू असताना ओपनबूट 'बूट-डिव्हाइस' कडे ढुंकूनही बघत नाही, 'डायग-डिव्हाइस' वापरतं. आणि ते मूळचं असतं 'नेट'. म्हणजे डिस्क ठणठणीत, ऑटो-बूट चालू, बूट-डिव्हाइस बरोबर, तरी मशीन नेटवर्ककडे तोंड करून बसलेलं. फॉल्स करा. ज्या सर्व्हरला पुढे किल्ली आहे, तिथे ती डायग्नोस्टिक्सच्या खुणेवर राहिली नाही ना तेही बघा. किल्ली तिथे असेल तर सेटिंग फॉल्स असूनही तपासणी पूर्ण चालते.

सन फायरच्या काळातल्या मशीनवर 'ऑटो-बूट-ऑन-एरर?' असंही एक असतं. तपासणीत एखादा भाग नापास झाला तरी उरलेल्यावर बूट करायचं का, एवढाच त्याचा प्रश्न. मशीन लांब कुठेतरी असेल तर मी ट्रू ठेवतो. एक मेमरी कमी असलेला चालता सर्व्हर मला ओके प्रॉम्प्टवर बसलेल्या सर्व्हरपेक्षा केव्हाही चालेल.

'सिक्युरिटी-मोड' सुद्धा याच यादीत बघा. ते 'फुल' असेल तर बूटसाठीही पासवर्ड लागतो आणि आपोआप बूट होण्याचा विषयच संपतो. सुरक्षा हवीच असेल तर 'कमांड' ठेवा. त्यात साधं बूट पासवर्डशिवाय होतं, बाकीच्या उचापती होत नाहीत. पासवर्ड विसरलात आणि सोलारिस अजून चालू आहे, तर रूटला ईईप्रॉमने ते 'नन' करता येतं. मशीन बंद पडायच्या आत करा.

आता बूट-डिव्हाइस. इथे वेळ द्या.

मूळचं सेटिंग 'डिस्क नेट' असतं: आधी डिस्क, ती जमली नाही तर नेटवर्क. कागदावर बरं वाटतं. प्रत्यक्षात डिस्क क्षणभर उशिरा तयार झाली की मशीन नेटवर्कवर जातं आणि कन्सोलवर एकच ओळ छापत राहतं, आर्प-रार्पच्या पॅकेटची वाट बघतोय अशी. थांबत नाही, डिस्ककडे परतही येत नाही. तुमच्याकडे नेटवर्क बूटचा सर्व्हर नसेल तर 'नेट' हा शब्द तिथून काढून टाका. मी प्रत्येक जुन्या मशीनवर सगळ्यात आधी हेच करतो.

त्याच्या जागी दुसरी डिस्क द्या. आरशातली (मिररमधली, म्हणजे पहिलीची हुबेहूब प्रत ठेवणारी) दुसरी डिस्क असेल तर तिला ओळखीचं नाव द्यावं. सोलारिसमध्ये 'एलएस -एल' ने त्या स्लाइसची (डिस्कच्या भागाची) लिंक बघितली की तिचा लांबलचक भौतिक पत्ता मिळतो. तो ओपनबूटमध्ये जसाच्या तसा चालत नाही. पुढचा 'डिव्हाइसेस' गाळायचा, आणि शेवटी जिथे 'एसडी@' आहे तिथे 'डिस्क@' करायचं. सोलारिस त्या डिस्कला ड्रायव्हरच्या नावाने ओळखतं, ओपनबूट त्याच्या स्वतःच्या नावाने. मग ओके प्रॉम्प्टवर:

एनव्हीअलायस रूटमिरर आणि पुढे तो पत्ता

सेटएनव्ही बूट-डिव्हाइस डिस्क रूटमिरर

झालं असं वाटतं. अजून नाही. आता मुद्दाम 'बूट रूटमिरर' देऊन बघा. मी दिलं तेव्हा उत्तर आलं की लोड झालेली फाइल चालवण्याजोगी दिसत नाही. डेटा आरशात तंतोतंत होता. पण मिरर करताना डिस्कच्या सुरुवातीचा बूटब्लॉक (बूट सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) कॉपी होत नाही, तो 'इन्स्टॉलबूट' ने वेगळा लिहावा लागतो. कमांडला दोन गोष्टी लागतात: 'यूएसआर/प्लॅटफॉर्म' खालच्या तुमच्या मशीनच्या फोल्डरमधला बूटब्लॉक, आणि त्या स्लाइसचा 'आरडीएसके' मधला पत्ता. 'डीएसके' नव्हे. फोल्डरचं नाव 'यूनेम -आय' सांगतं. जिथे दुसऱ्या डिस्कवरून कोणी कधी बूट करून बघितलंच नाही, तिथे ती डिस्क बूट होत नाही असंच धरून चाला.

बाहेर डिस्कचा डबा जोडलेला असेल तर आणखी एक अडचण. वीज येते दोघांना एकदमच. सर्व्हर आधी तयार होतो, डब्यातल्या डिस्क अजून फिरायला लागलेल्या असतात, सर्व्हरला त्या दिसत नाहीत, बूट फसतं. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे उशिराने वीज देणारा पीडीयू (वीज वाटणारी पट्टी). तो नसेल तर ओपनबूटलाच थांबवता येतं. 'एनव्हीएडिट' ने एनव्हीरॅमआरसी (सुरुवातीला चालणारी ओपनबूटची छोटी स्क्रिप्ट) उघडा, अलायसच्या ओळी असतील तर त्या तशाच ठेवा, नव्या ओळीवर लिहा:

डी# ६०००० एमएस

कंट्रोल-सी ने बाहेर या, 'एनव्हीस्टोअर' द्या, आणि 'यूज-एनव्हीरॅमआरसी?' ट्रू आहे याची खात्री करा. साठ हजार मिलीसेकंद, म्हणजे एक मिनिट. ही ओळ उपकरणं शोधण्याच्या आधी चालते, म्हणून तिचा उपयोग.

'डी#' विसरू नका. ओपनबूट आकडे सोळाच्या पायावर वाचतं. मी पहिल्यांदा नुसतं ६०००० लिहिलं, ते झालं ३,९३,२१६ मिलीसेकंद. साडेसहा मिनिटं कन्सोलवर काही हललं नाही. चौथ्या मिनिटाला मी वीज बंद केली, परत चालू केली, परत चौथ्या मिनिटाला बंद करून पुन्हा चालू केली. मदरबोर्ड गेला म्हणून मेल लिहायला घेतला होता. तो लिहीत असतानाच बॅनर आलं.

सिरियल कन्सोलची एक खोड सगळ्यात फसवी. स्पार्क सर्व्हरला सिरियल लाइनवर ब्रेक सिग्नल मिळाला की चालू सोलारिस जागच्या जागी थांबतं आणि ओके प्रॉम्प्ट येतो. लॅपटॉपची केबल काढताना, टर्मिनल सर्व्हर (सिरियल कन्सोल नेटवर्कवरून देणारा डबा) बंद-चालू होताना असा ब्रेक चुकून जातो. वीज आल्यावर तर टर्मिनल सर्व्हर आणि स्पार्क दोघेही एकदमच उठत असतात. सोलारिसमध्ये 'ईटीसी/डिफॉल्ट/केबीडी' या फाइलमध्ये 'कीबोर्ड_अबॉर्ट=आल्टरनेट' अशी ओळ घाला आणि 'केबीडी -आय' द्या. फाइलमधलं हे नाव तेवढं मोठ्या लिपीत लिहायचं. मग साध्या ब्रेकने काही होत नाही. एंटर, टिल्डे, कंट्रोल-बी असं सावकाश ओळीने दाबलं तरच थांबतं. ही फाइल सोलारिस वाचतं, ओपनबूट नाही. त्यामुळे सोलारिस वर येण्याआधीच्या काळात ब्रेक लागू पडतोच. टर्मिनल सर्व्हर वेगळ्या यूपीएसवर ठेवणं हाच त्यावरचा खरा उपाय. आणि असं कधी चुकून थांबलंच तर घाईने रिसेट करू नका. 'गो' टाइप करा, सोलारिस जिथे होतं तिथून पुढे चालू लागतं.

बूट सुरू झालं तरी सोलारिसमध्ये दोन थांबे आहेत. पहिला एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टीमची तपासणी. वीज अचानक गेल्यावर यूएफएस ही सोलारिसची फाइल सिस्टीम तपासावी लागते आणि तपासणीला एखादी गोष्ट स्वतःहून दुरुस्त करता आली नाही, तर सिस्टीम रूटचा पासवर्ड मागत थांबते. 'ईटीसी/व्हीएफएसटॅब' मध्ये शेवटच्या रकान्यात 'लॉगिंग' लिहा. सोलारिस ७ पासून ती सोय आहे. १० मध्ये ती मुळातच चालू असते.

दुसरा थांबा सोलारिस व्हॉल्यूम मॅनेजर (डिस्कचे आरसे करणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी. त्याच्या नोंदींच्या प्रती, म्हणजे रेप्लिका, निम्म्याहून जास्त शाबूत असल्या तरच मशीन आपणहून पूर्ण वर येतं. दोन डिस्क, प्रत्येकीवर तीन प्रती. एक डिस्क मेली की उरल्या तीन, म्हणजे बरोबर निम्म्या. चालू मशीन चालत राहतं, कोणाला काही कळत नाही. पण बूट झालं की पुरेशा प्रती नाहीत म्हणून सिंगल यूजरमध्ये (दुरुस्तीपुरत्या अर्धवट अवस्थेत) अडकतं. ज्याच्यासाठी आरसा केला तेच नेमकं फसतं. तिसरी डिस्क असेल तर काही प्रती तिच्यावर ठेवा. नसेल तर 'ईटीसी/सिस्टम' मध्ये 'सेट एमडी:मिरर्ड_रूट_फ्लॅग=१' ही ओळ आहे; तिने निम्म्या प्रतींवरही बूट होतं, पण शिळ्या डिस्कवरून उठण्याचा धोका असतो. मी ती ओळ घातली आहे, आणि मेलेली डिस्क दिसली की त्याच दिवशी तिच्या प्रती 'मेटाडीबी -डी' ने काढून टाकतो.

सोलारिस १० वर तुमची सेवा 'एसव्हीसीएडीएम एनेबल' ने चालू केली असेल तर ती बूटनंतरही येते. पण कोणी घाईत 'एनेबल -टी' दिलं असेल, तर ते फक्त पुढच्या बूटपर्यंतच. कशात अडकलंय ते 'एसव्हीसीएस -एक्सव्ही' सांगतं. ९ आणि त्याआधी बूट होताना चालणारी साधी आरसी स्क्रिप्ट.

एवढं करून सगळं विसरणारी मशीनंही असतात. स्पार्कस्टेशन आणि अल्ट्राच्या काळात सेटिंग ज्या चिपमध्ये राहतात तिच्या आतच बॅटरी कोंडलेली असते. अल्ट्रा ५ आणि १० मध्ये ती एम४८टी५९. एवढ्या वर्षांत ती बॅटरी संपलेलीच असणार. लक्षण ठरलेलं: आयडीप्रॉम (मशीनची ओळख असलेली नोंद) अवैध असल्याची तक्रार आणि इथरनेटच्या पत्त्यात सगळीकडे एफएफ. अशा मशीनवर तुम्ही लिहिलेलं वीज जाताच पुसलं जातं, म्हणून आधी चिप बदला. सॉकेटमध्ये असते, उपटून निघते, खाच असलेली बाजू लक्षात ठेवा. जुना इथरनेट पत्ता अजून दिसत असेल तर आधी टिपून घ्या, नव्या चिपमध्ये तो हाताने लिहावा लागतो. व्ही२१० आणि व्ही२४० मध्ये तो पत्ता काढता येणाऱ्या छोट्या कार्डावर असतो, तिथे ही कटकट नाही.

मग चाचणी. 'रीबूट' ही चाचणी नाही. त्यात वीज जात नाही, अलॉम झोपत नाही, बाहेरच्या डिस्क थांबत नाहीत. आधी 'रिसेट-ऑल' देऊन बघा. ते जमलं की सोलारिस इनिट ० ने नीट बंद करा आणि मग प्लग काढा, सर्व्हरचा, डिस्कच्या डब्याचा, टर्मिनल सर्व्हरचा, सगळ्यांचा. दोन मिनिटं थांबा, आणि सगळे एकाच स्विचने चालू करा. कीबोर्डला हात लावायचा नाही. लॉगिन येईपर्यंत घड्याळ लावून बसा. नंतर पहिली डिस्क बाहेर काढून तेच परत.

लागलेली मिनिटं मशीनवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. माझ्या व्ही२४० वर 'साडेनऊ' लिहिलंय, खाली 'तोवर हात लावू नका'.